न दिसणारी सममिती: गुरुत्वाकर्षणाच्या भूमितीत काय टिकते आणि का

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. ते इतक्या ठामपणे शिकवले जाते की ऊर्जेची अक्षय्यता हा विश्वाचा मूलभूत नियम आहे आणि त्याच्यामागे आणखी काही कारण असण्याची गरज नाही, अशी समजूत पक्की होते. पण कारण आहे, आणि ते भूमितीत आहे. हे कारण जिथे हजर नसते तिथे ऊर्जेची अक्षय्यताही नसते. उलट काही ठिकाणी कोणतीच सममिती नजरेला दिसत नसताना एखादी राशी हट्टाने कायम राहते, आणि तिच्यामागचे कारण खणून काढावे लागते. गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात या दोन्ही गोष्टी घडतात. फिरत्या कृष्णविवराभोवतीच्या कक्षा आज आपल्याला गणिताने नेमक्या हाताळता येतात त्या अशाच एका दडलेल्या सममितीमुळे, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठीच हा लेख आहे.

सममिती आणि अक्षय्यता यांचे नाते एमी नोएथर या गणितज्ञ विदुषींनी सिद्ध केले. जुलै १९१८ मध्ये गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्यांचा निबंध जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या विज्ञानसंस्थेपुढे सादर केला, कारण नोएथर स्वतः त्या संस्थेच्या सदस्य नव्हत्या. विद्यापीठात स्वतःच्या नावाने शिकवण्याची परवानगीही त्यांना १९१९ पर्यंत मिळाली नव्हती. प्रमेयाचा गाभा असा: एखाद्या व्यवस्थेचे नियम लघुतम क्रियेच्या तत्त्वातून (शक्य मार्गांपैकी ‘क्रिया’ नावाची राशी सहसा किमान ठेवणारा मार्ग निसर्ग निवडतो, या तत्त्वातून) मिळत असतील, आणि त्या व्यवस्थेत एखादा सलग बदल करूनही त्या नियमांत काहीच फरक पडत नसेल, तर अशा प्रत्येक बदलामागे एक राशी कायम राहते. आज केलेला प्रयोग उद्या केला तरी नियम तेच असतील, तर ऊर्जा टिकते. इथला प्रयोग तिथे केला तरी नियम तेच असतील, तर संवेग टिकतो. सगळी मांडणी फिरवून ठेवली तरी नियम तेच असतील, तर कोनीय संवेग टिकतो. या कामाला निमित्त झाला तो आइनस्टाइन यांचा १९१५ सालचा सामान्य सापेक्षता सिद्धांत. त्यात ऊर्जेचा हिशेब विचित्र वागत होता, त्याने डेव्हिड हिल्बर्ट आणि क्लाइन दोघेही अस्वस्थ होते, आणि त्या गुंत्यातूनच नोएथर यांचे प्रमेय जन्माला आले. आज ते बहुतेक वेळा गुरुत्वाकर्षणाचा उल्लेखही न करता शिकवले जाते, याची मला खंत वाटते, कारण त्याची खरी कसोटी तिथेच लागते.

सामान्य सापेक्षता सिद्धांतात गुरुत्वाकर्षण हे बल मानलेले नाही. वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाशकालाला वक्रता येते, आणि दुसऱ्या कोणत्याही बलाच्या प्रभावाखाली नसलेली वस्तू त्या वक्र भूमितीत जितके सरळ जाता येईल तितके सरळ जाते. अशा सरळात सरळ मार्गाला जिओडेसिक म्हणतात. दोन जवळच्या बिंदूंमधले अंतर किती, हे सांगणारे भूमितीचे मूळ सूत्र म्हणजे मेट्रिक. आता प्रश्न असा की, जिथे बलच नाही आणि फक्त आकार आहे, तिथे अक्षय्यता कुठून येणार? याचे उत्तर आइनस्टाइन यांच्याही शंभराहून जास्त वर्षे आधीपासून गणितज्ञांना ठाऊक होते, आणि ते पाहण्यासाठी एक साधा गोल पुरेसा आहे.

गोलाच्या विषुववृत्तावरून एखादा बिंदू रेखावृत्ताशी ४५ अंशांचा कोन करून ईशान्येकडे निघाला आणि पृष्ठभागावरच, पण सरळात सरळ मार्गाने, जात राहिला असे समजा. तो जसजसा उत्तरेला सरकतो तसतसे गोलाच्या अक्षापासूनचे त्याचे अंतर कमी होते, आणि त्याच्या मार्गाचा रेखावृत्ताशी होणारा कोन वाढत जातो. अठराव्या शतकात क्लेरो या फ्रेंच गणितज्ञांनी दाखवले की, अक्षापासूनचे अंतर आणि त्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, यांचा गुणाकार संपूर्ण प्रवासात तोच राहतो. साइनचे मूल्य एकापेक्षा जास्त होऊ शकत नाही. त्यामुळे आपला बिंदू बरोबर ४५ अंश अक्षांशापर्यंत चढतो, तिथे क्षणभर थेट पूर्वेकडे जातो आणि पुन्हा दक्षिणेकडे वळतो. त्याला कोणीही अडवलेले नसते. एक राशी कायम राहिल्यामुळे वरचा प्रदेश त्याला आपोआप बंद झालेला असतो. क्लेरो यांचा हा गुणाकार म्हणजे खरे तर अक्षाभोवतीचा कोनीय संवेगच, आणि तो टिकतो कारण गोल आपल्या अक्षाभोवती फिरवला तरी त्याचा आकार बदलत नाही. अक्षाभोवती सममित अशा कोणत्याही पृष्ठभागावर हीच गोष्ट खरी ठरते.

जर्मन गणितज्ञ विल्हेल्म किलिंग यांनी १८९२ मध्ये ही कल्पना कोणत्याही भूमितीसाठी मांडली. एखाद्या अवकाशात प्रत्येक बिंदूपाशी एक दिशा अशी ठरवता आली, की सगळेच बिंदू त्या त्या दिशेने किंचित सरकवले तरी त्यांच्यातली अंतरे बदलत नाहीत, तर त्या दिशांच्या समूहाला किलिंग सदिशक्षेत्र म्हणतात. जिओडेसिकवरून जाणाऱ्या वस्तूच्या संवेगाचा त्या दिशेतला घटक कायम राहतो. हे नियम आणि ही सममिती दोन्ही उघड आहेत, कारण बिंदू कुठून कुठे गेला एवढेच त्यात पाहायचे असते.

चार मितींच्या अवकाशकालात अशा स्वतंत्र सममिती जास्तीत जास्त दहा असू शकतात, आणि वक्रता नसलेल्या सपाट अवकाशकालात त्या दहाच्या दहा असतात. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, न फिरणाऱ्या गोलाकार वस्तूभोवतीच्या भूमितीत चार उरतात: एक काळाची आणि तीन परिभ्रमणाच्या. प्रसरण पावणाऱ्या, सगळीकडे सारख्या असलेल्या विश्वाच्या भूमितीत सहा असतात, पण त्या सहांपैकी काळाची एकही नाही. कालचे विश्व आणि आजचे विश्व यांचा आकार सारखा नाही, म्हणून तिथे ऊर्जा टिकण्याचे कारणच नाहीसे होते. विश्वपार्श्वप्रारणाचे, म्हणजे तरुण विश्वातून उरलेल्या आणि सर्वदूर पसरलेल्या प्रकाशाचे, फोटॉन (प्रकाशकण) मोकळे सुटले तेव्हा त्यांचे तापमान सुमारे ३००० केल्विन होते, आज ते २.७ केल्विन आहे. प्रत्येक फोटॉनची ऊर्जा जवळपास अकराशे पटींनी कमी झाली. ती ऊर्जा कुठे गेली, असा प्रश्न विचारला जातो आणि तो अगदी स्वाभाविकही आहे. पण ती कुठेतरी जायलाच हवी हा आग्रह ज्या सममितीवर उभा आहे ती सममितीच इथे नाही. मात्र ज्या व्यवस्थेपासून दूर गेल्यावर अवकाशकाल सपाट होत जातो तिथे एकूण ऊर्जेचा हिशेब दुरून मांडता येतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदवलेल्या गुरुत्वीय लहरींत, म्हणजे अवकाशकालातच पसरणाऱ्या तरंगांत, साधारण तीन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा बाहेर पडली, असे आपण म्हणू शकतो ते त्याच आधारावर.

इथपर्यंतचे चित्र सरळ आहे: सममिती असेल तर राशी टिकते, नसेल तर टिकत नाही. आता अशी एक वस्तू घेऊ की जिला फिरवून चालणारा एकही अक्ष नाही. तीन परस्परलंब दिशांना तीन वेगवेगळ्या मापांचा अंडाकृती पृष्ठभाग, म्हणजे त्रि-अक्षीय दीर्घवृत्तज, कोणत्याही अक्षाभोवती थोडासा फिरवला तरी बदललेला दिसतो. त्याच्यापाशी किलिंग सदिशक्षेत्र नाही, म्हणून क्लेरो यांच्यासारखा नियमही नाही. तेव्हा त्यावरचे जिओडेसिक मार्ग कसेही भरकटत असतील अशी अपेक्षा करायला हरकत नव्हती. पण १८३९ मध्ये कार्ल याकोबी यांनी ते मार्ग पूर्णपणे सोडवून दाखवले, आणि त्यानंतर चारच वर्षांनी फर्डिनांड योआखिमस्टाल यांनी त्यामागची टिकणारी राशी विलक्षण सुंदर रूपात मांडली.

ती राशी अशी. मार्गावरच्या कोणत्याही बिंदूपाशी पृष्ठभागाला स्पर्श करणारे प्रतल काढावे आणि दीर्घवृत्तजाच्या केंद्रापासून त्या प्रतलापर्यंतचे लंबांतर मोजावे. मग त्याच बिंदूपाशी मार्ग ज्या दिशेने चालला आहे तिला समांतर अशी एक रेषा केंद्रातून काढावी आणि केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतची तिची लांबी मोजावी. या दोन अंतरांचा गुणाकार संपूर्ण मार्गभर बदलत नाही. गोलावर दोन्ही अंतरे त्रिज्येइतकीच असतात, त्यामुळे तिथे हा नियम काहीच नवे सांगत नाही. गोल दाबून त्याची उघड सममिती मोडली की मगच तो बोलू लागतो. या गुणाकारातला दुसरा भाग दिशेवर अवलंबून आहे, आणि सूत्रात उतरवले की वेगाचे घटक तिथे वर्गात येतात, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवे. क्लेरो यांच्या नियमात वेग एकघाती होता, इथे तो द्विघाती आहे. उघड सममिती आणि दडलेली सममिती यांच्यातला फरक नेमका इथे आहे. उघड सममिती फक्त स्थाने हलवते. दडलेली सममिती स्थान आणि संवेग यांना एकत्र घेऊन हलवते, त्यामुळे ती आकाराकडे पाहून सापडत नाही. ती गतीच्या अवकाशात असते.

सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या बाबतीतही हेच घडते, फक्त ते इतके परिचयाचे आहे की त्यात काही नवल आहे असे वाटत नाही. न्यूटनच्या नियमानुसार ग्रहाची कक्षा बंद लंबवर्तुळ असते. पण ती बंद का असावी? ऊर्जा आणि कोनीय संवेग टिकतात एवढ्याने कक्षा एका प्रतलात राहते आणि किमान व कमाल अंतरांच्या मध्ये अडकते, इतकेच सिद्ध होते. प्रत्येक फेरीत सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू थोडाथोडा सरकत गेला असता तरी हे दोन्ही नियम पाळले गेले असते. तो बिंदू जागचा हलत नाही, कारण आणखी एक सदिश कायम राहतो. सूर्याकडून उपसूर्य बिंदूकडे रोखलेला हा सदिश, ज्याची लांबी कक्षेच्या लंबगोलपणाच्या प्रमाणात असते, लाप्लास, रुंगे आणि लेन्झ यांच्या नावाने ओळखला जातो. व्होल्फगांग पाउली यांनी १९२६ मध्ये त्याच सदिशाच्या आधारे हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या काढल्या, आणि १९३५ मध्ये व्लादिमीर फॉक यांनी दाखवून दिले की त्याच्यामागे चार मितींतल्या परिभ्रमणाची सममिती आहे. तीन मितींच्या अवकाशात ती शोधून कुठेच दिसणार नाही.

सामान्य सापेक्षता सिद्धांतात ही दडलेली सममिती मोडते. श्वार्झशिल्ड भूमितीत ऊर्जा टिकते, कोनीय संवेग टिकतो, पण लाप्लास-रुंगे-लेन्झ सदिश टिकत नाही. बुधाचा उपसूर्य बिंदू इतर ग्रहांचा परिणाम वजा केल्यावरही दर शतकात ४३ आर्कसेकंदांनी (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) पुढे सरकतो, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांना आपल्या सिद्धांताबद्दल खात्री वाटली ती याच आकड्यामुळे. आपल्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवती सुमारे सोळा वर्षांत एक फेरी घेणाऱ्या एस-२ या ताऱ्याच्या कक्षेतही दर फेरीला साधारण १२ आर्कमिनिटांचे (अंशाच्या साठाव्या भागाला आर्कमिनिट म्हणतात) असेच सरकणे २०२० मध्ये जाहीर झाले. बुधाचे सरकणे हा बहुतेक ठिकाणी केवळ नव्या सिद्धांताचा विजय म्हणून सांगितला जातो. माझ्या दृष्टीने ती एका सममितीच्या मोडण्याची मोजदाद आहे.

आता फिरणारे कृष्णविवर. १९६३ मध्ये रॉय केर या न्यूझीलंडच्या गणितज्ञांनी त्याची भूमिती शोधून काढली. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असल्याने एक विशिष्ट अक्ष ठरतो, आणि श्वार्झशिल्ड भूमितीतल्या तीन परिभ्रमण-सममितींपैकी एकच वाचते. काळाची एक आणि अक्षाभोवतीच्या परिभ्रमणाची एक, अशा दोनच उघड सममिती उरतात. याचा परिणाम गंभीर आहे. चार मितींतली गती पूर्णपणे सोडवायची तर परस्परांशी सुसंगत अशा चार टिकणाऱ्या राशी लागतात. कणाचे स्थिर वस्तुमान ही पहिली, ऊर्जा ही दुसरी, अक्षाच्या दिशेतला कोनीय संवेग ही तिसरी. चौथी नाही. एकूण कोनीय संवेग चौथी म्हणून वापरता येत नाही, कारण तो आता टिकत नाही. कक्षा एका प्रतलात राहत नाही. ती वरखाली डोलत, अक्षाभोवती ओढली जात, एखाद्या जाड कड्यासारखा प्रदेश विणत जाते. चौथी राशी नसलेल्या अशा व्यवस्थेत गती सहसा गोंधळी, म्हणजे केऑटिक, होते. म्हणून फिरत्या कृष्णविवराभोवतीच्या तिरप्या कक्षा कायमच संगणकाच्या हवाली कराव्या लागतील, असे वाटणे साहजिक होते.

ब्रँडन कार्टर यांनी १९६८ मध्ये चौथी राशी शोधली. त्यांची पद्धत सममितीच्या शोधाची नव्हतीच. त्यांनी गतीचे हॅमिल्टन-याकोबी समीकरण लिहिले आणि त्यातले चल वेगळे करून पाहिले. काळ आणि अक्षाभोवतीचा कोन हे दोन चल उघड सममितीमुळे सुरुवातीलाच बाजूला होतात. उरतात दोन: कृष्णविवरापासूनचे अंतर आणि अक्षापासून मोजलेला कोन. हे दोन्ही चल एकमेकांत गुंतलेलेच राहतील अशी अपेक्षा होती. पण समीकरणाची नीट मांडणी केल्यावर असे दिसले की, एका बाजूला फक्त अंतरावर अवलंबून असलेली पदे येतात आणि दुसऱ्या बाजूला फक्त कोनावर अवलंबून असलेली. डावी बाजू कोनाकडे पाहतच नाही, उजवी बाजू अंतराकडे पाहत नाही, आणि तरी दोन्ही प्रत्येक क्षणी समान आहेत. हे शक्य होण्याचा एकच मार्ग आहे: दोन्ही बाजू एकाच न बदलणाऱ्या संख्येइतक्या असल्या पाहिजेत. तीच चौथी राशी, कार्टर स्थिरांक.

त्यात काय काय आहे हेही पाहण्याजोगे आहे. उत्तर-दक्षिण दिशेतल्या संवेगाचा वर्ग हा त्याचा एक भाग, अक्षाच्या दिशेतल्या कोनीय संवेगाचा वर्ग अक्षांशानुसार कमी-जास्त वजनाने येतो तो दुसरा भाग, आणि तिसऱ्या भागात कृष्णविवराच्या परिवलनाचे माप वर्गात येऊन कणाच्या वस्तुमान आणि ऊर्जा यांच्या वर्गांतल्या फरकाशी गुणले जाते. कृष्णविवराचे फिरणे शून्य केले की तिसरा भाग गळून पडतो आणि उरते ती एकूण कोनीय संवेगाच्या वर्गातून अक्षीय घटकाचा वर्ग वजा केल्यावर मिळणारी आपली जुनी ओळखीची राशी. विषुववृत्तीय प्रतलातच राहणाऱ्या कक्षेसाठी कार्टर स्थिरांक शून्य असतो. म्हणजे कक्षा किती तिरपी आहे याचे ते माप आहे, फक्त त्या तिरपेपणाला फिरत्या भूमितीला साजेशी दुरुस्ती लागलेली आहे. हा स्थिरांक हाती आला की कणाची गती दोन अंतरांच्या आणि दोन अक्षांशांच्या मध्ये बांधली जाते आणि तिला तीन निश्चित वारंवारता मिळतात: आत-बाहेर होण्याची, वर-खाली डोलण्याची आणि अक्षाभोवती फिरण्याची. गोंधळाला जागा उरत नाही.

हे घडते का, याचे भूमितीय उत्तर मार्टिन वॉकर आणि रॉजर पेनरोज यांनी १९७० मध्ये दिले. केर भूमितीपाशी किलिंग टेन्सर नावाची एक रचना आहे (टेन्सर म्हणजे सदिशाच्या कल्पनेचे पुढचे, व्यापक रूप). किलिंग सदिश संवेगाशी एकदा जोडला की टिकणारी राशी मिळते. किलिंग टेन्सर संवेगाशी दोनदा जोडावा लागतो आणि मग कार्टर स्थिरांक मिळतो. संवेग वर्गात येतो तो यामुळेच, योआखिमस्टाल यांच्या गुणाकारात आला होता तसाच. मेट्रिक हाही एक किलिंग टेन्सरच आहे आणि त्याच्यापासून कणाचे स्थिर वस्तुमान मिळते. पण तो प्रत्येक भूमितीपाशी असतो. केरचा दुसरा टेन्सर मेट्रिकपासून किंवा उघड सममितींच्या गुणाकारांपासून बनवता येत नाही, म्हणूनच त्याला खरी दडलेली सममिती म्हणायचे.

यापुढचा टप्पा मला सर्वांत आवडतो. १९७३ मध्ये पेनरोज यांनी आणि आर. फ्लॉइड यांनी दाखवले की केरच्या किलिंग टेन्सरलाही एक प्रकारचे वर्गमूळ आहे. त्याला किलिंग-यानो टेन्सर म्हणतात. तो कणाच्या संवेगाशी एकदा जोडला की एक सदिश मिळतो, आणि कण जिओडेसिकवरून जात असताना हा सदिश त्याच्याबरोबर, जराही न वळता, समांतर वाहून नेला जातो. त्या सदिशाच्या लांबीचा वर्ग घेतला की एक टिकणारी संख्या मिळते, आणि तिच्यात व कार्टर स्थिरांकात फरक असतो तो फक्त ऊर्जा आणि अक्षीय कोनीय संवेग यांपासून बनलेल्या एका कायम पदाचा. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत हा सदिश म्हणजे कोनीय संवेगच. तेव्हा परिवलनामुळे कोनीय संवेगाची अक्षय्यता पूर्णपणे नष्ट झालेली नव्हती. तिने अवकाशातली ठरावीक दिशा सोडली होती, पण प्रवाशाबरोबर चालणारी एक दिशा आणि एक लांबी राखली होती.

हीच रचना कणांपलीकडे लहरींनाही लागू पडते. सॉल ट्युकोल्स्की यांनी १९७२-७३ मध्ये केर कृष्णविवरावर पडणाऱ्या प्रकाशाच्या आणि गुरुत्वीय लहरींच्या समीकरणातले चल वेगळे करून दाखवले, आणि १९७६ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या डिरॅक समीकरणाचेही तसेच केले. कृष्णविवराचे छोटेसे विचलन वाढत न जाता विरून जाते का, आदळलेल्या लहरीचा किती भाग परत फिरतो, नव्याने जन्मलेले कृष्णविवर कोणत्या सुरांत थरथरते, हे सगळे हिशेब त्यामुळे शक्य झाले. चारपेक्षा जास्त मितींच्या फिरत्या कृष्णविवरांतही अशाच दडलेल्या सममिती आहेत, हे २००७ मध्ये व्हालेरी फ्रोलोव्ह आणि डेव्हिड कुबिझ्न्याक यांनी दाखवले.

ही सममिती फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूची नाही, ही गोष्ट अनेकदा निसटते. पृथ्वीही फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, पण तिच्याभोवती फिरणाऱ्या उपग्रहाला अचूक असा कार्टर स्थिरांक नसतो. २००९ मध्ये क्लिफर्ड विल यांनी न्यूटनच्या सिद्धांतातच हा प्रश्न विचारला: अक्षाभोवती सममित असलेल्या वस्तूचे वस्तुमान कसे पसरलेले असेल तर तिच्याभोवतीच्या गतीला कार्टरसारखा स्थिरांक मिळेल? त्यांना मिळालेली अट अशी होती की, वस्तूच्या फुगीरपणाचे पहिले माप दिले की पुढची सगळी मापे त्याच्या घातांनी ठरून गेली पाहिजेत. आइनस्टाइन यांचा सिद्धांत फिरत्या कृष्णविवरावर नेमकी हीच अट लादतो. वस्तुमान आणि परिवलन एवढे दोनच आकडे सांगितले की कृष्णविवराच्या बाहेरच्या क्षेत्रात सांगण्यासारखे काही उरत नाही. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच अट हाती यावी, याचे पुरेसे खोल कारण अजून कोणी दिलेले आहे असे मला वाटत नाही.

या अटीची कसोटी निरीक्षणांत लागू शकते. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केलेल्या लिसा या प्रकल्पात एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर असलेली तीन याने गुरुत्वीय लहरी टिपणार आहेत, आणि त्यांचे उड्डाण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे. लाखो सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती एखादे छोटे कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा हळूहळू आत आत जाताना लाखभर फेऱ्या घेईल, आणि त्या प्रत्येक फेरीचा ठसा लहरीत असेल. आत जाताना ऊर्जा, अक्षीय कोनीय संवेग आणि कार्टर स्थिरांक तिन्ही सावकाश बदलतात. पहिल्या दोघांचा हिशेब सोपा आहे: लहरी जितके घेऊन गेल्या तितके कक्षेतून कमी झाले. कार्टर स्थिरांकाला ही सोय नाही. तो उघड सममितीतून आलेला नसल्याने दूरवर जाणाऱ्या लहरीत त्याचा प्रवाह मोजता येत नाही; छोट्या वस्तूवर तिच्या स्वतःच्याच क्षेत्राची होणारी प्रतिक्रिया जागेवर जाऊन काढावी लागते. यासूशी मिनो यांनी २००३ मध्ये त्याची सरासरी काढण्याची वाट दाखवली, तेव्हा कुठे हे काम आवाक्यात आले.

आत जाण्याच्या या प्रवासात कधीतरी आत-बाहेर होण्याची आणि वर-खाली डोलण्याची वारंवारता एकमेकींशी दोनास तीन अशा साध्या प्रमाणात येतात. केंद्रातली वस्तू खरोखर केर कृष्णविवर असेल, तर मूळ भूमितीतच असे काही नसते की त्या प्रमाणापाशी कक्षा अडकून पडावी. वस्तूचे क्षेत्र केरपासून थोडेसे वेगळे असेल, तर चौथी राशी नाहीशी होते आणि अशा प्रमाणांभोवती गतीच्या अवकाशात छोटी बेटे तयार होतात. थिओखारिस अपोस्टोलाटोस, जॉर्जिओस लुकेस-गेराकोपुलोस आणि जॉर्ज कोन्टोपुलोस यांनी २००९ मध्ये दाखवले की अशा बेटातून जाताना दोन वारंवारतांचे प्रमाण काही काळ एकाच मूल्यावर थबकून राहील. लिसाच्या नोंदीत दोनास तीनपाशी असा सपाट टप्पा सापडला, तर केंद्रातल्या वस्तूला कार्टर स्थिरांक नाही, आणि म्हणून ती केर यांनी वर्णन केलेले कृष्णविवर नाही, असा तो पुरावा असेल.